विरजणाची परीक्षा

६ मे. टँकर यायच्या आत सोसायटीची जमिनीतली टाकी घासायची होती. सेक्रेटरी मीच, त्यामुळे खराटाही माझ्याच हाती. टाकीच्या तोंडाशी वरच्या मजल्यावरच्या मावशी येऊन बसल्या.

शहर राहण्याजोगं आहे की नाही हे ठरवायला तज्ज्ञांच्या समित्या कशाला नेमतात, कोण जाणे. या मावशींना रिकामी वाटी देऊन पाठवलं असतं तरी भागलं असतं. त्या नेकनूरच्या. सारा जन्म गावच्या दूध संस्थेला दूध घालण्यात गेला. दुष्काळात संस्था बंद पडली, म्हशी विकल्या आणि त्या बीडला आमच्या सोसायटीत राहायला आल्या. पहिल्याच दिवशी माझ्या दारात येऊन विरजण मागितलं, मी दिलं. पुढे कळलं, गावाहून येताना दह्याचं भरलेलं गाडगं त्यांनी सोबतच आणलं होतं. विचारलं तर शांतपणे म्हणाल्या, "परीक्षा घेतली. पास हाव तुमी."

लग्नकार्याला कुठल्याही नव्या गावी गेल्या, की त्या अनोळखी दार वाजवून विरजण मागत. लगेच मिळालं तर गाव उत्तम, चौकशी करून मिळालं तर मध्यम, दार साखळीपुरतंच उघडलं तर नापास. एका शहरात विरजणासोबत चहाही मिळाला, पण चहा पिताना जात विचारली म्हणून त्यांनी मार्क कापले. पहिला नंबर दुष्काळातल्या चारा छावणीचा. तिथे ताडपत्रीखाली राहणाऱ्या एका बाईने आपलं निम्मं दही त्यांच्या वाटीत ओतलं होतं.

गेल्या महिन्यात पुण्याची लेक त्यांना कायमचं न्यायला आली. तिकडे रोज पाणी, लिफ्ट, कोपऱ्यावर दवाखाना. इथे पंधरवड्याने नळ आणि जिन्याने घागरी. मी लेकीच्या बाजूने बोलले. आधी राहून बघते म्हणत मावशी वाटी घेऊन गेल्या आणि कालच परतल्या.

"माणसं लई भली, पर समद्या इमारतीत विरजण न्हाई," त्या वरून सांगत होत्या. "पिशवीचं दही खातेत. एकीनं तर विरजण म्हंजे काय, आसं इचारलं."

"म्हणजे पुणं नापास. राहा मग इथंच," मी टाकीतून म्हणाले.

"नापासच. पर गुडघ्यांनी लिफ्टला पास केलंय. आजच जाते." उठता उठता म्हणाल्या, "गाडगं नेते संगं. आता माज्याकडं कुणी मागाया येतं का, ते बगायचं."

दुपारच्या एसटीने त्या गेल्या. मांडीवर गाडगं, त्यावर फडकं बांधलेलं.

७ मे. तळमजल्यावरच्या भाडेकरूंशी वर्षभरात मी पाण्याच्या पाळीपलीकडे एक शब्द बोलले नव्हते. आज सकाळी, घरात दही असताना, रिकामी वाटी घेऊन मी त्यांचं दार वाजवलं.