आधी हात काढा

"आधी हात काढा, मंग डोळे लावा." हे म्हणताना समोरच्या घरातले काका स्वतःचे दोन्ही हात मांडीवर ठेवून दाखवायचे, शाळेच्या ग्रुप फोटोला बसल्यासारखे. जबलपूरच्या आमच्या विजय नगरच्या गल्लीत ज्याचा ज्याचा कंप्युटर बिघडला, त्याने हे वाक्य ऐकलेलं आहे. तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल, आठवून पाहा.

काका काही कंप्युटरवाले नव्हते. दारूगोळ्याच्या फॅक्टरीत त्यांनी तीस वर्षं तोफगोळ्यांचे फ्यूज तपासले आणि दहाही बोटं शाबूत घेऊन रिटायर झाले. "तिथे नवा माणूस आला की सांगत होतो, जे वळखू येत नाही त्याले हात नाही लावायचा. पाहायचं. इंटरनेटवर काय वेगळं आहे?" मुलीने दिलेल्या लॅपटॉपवर त्यांनी हाच नियम लावला आणि शिकले. एकदा भेडाघाटला नर्मदेवर नावाडी "जल्दी बैठो भैया" म्हणून ओरडत होता, तेव्हाही हे काठावर उभे राहून पाटी वाचत होते. नाव गेली. ते पुढच्या नावेने आले.

मी अगदी उलट. कॉलेजात पोरांना 'प्रश्न नीट वाचा' म्हणते आणि स्वतः काही वाचत नाही.

बाबा गेल्यावर त्यांच्या पेनड्राइव्हवर एक फाइल सापडली. आमचं घर वर्ध्याकडून जबलपूरला कसं आलं, ते त्यांनी कोणाला न सांगता टाइप करून ठेवलं होतं. उघडली तर नुसती चिन्हं. जुना मराठी फॉन्ट, तो माझ्याकडे नव्हता. शोधायला बसले. एका पानावर भलंमोठं हिरवं 'डाउनलोड' दिसलं, दाबलं. मग 'नेक्स्ट', 'नेक्स्ट', 'येस'. फॉन्ट सोडून बाकी सगळं आलं. कोपऱ्यातून जाहिराती उगवायला लागल्या, आणि शेवटी अख्खा स्क्रीन लाल होऊन भोंगा वाजायला लागला. पाच मिनिटांत सगळ्या फाइली नष्ट होतील, या नंबरवर फोन करा.

पेनड्राइव्ह लावलेलाच होता, आणि फाइलची दुसरी प्रत नव्हती. बाबा दुसऱ्यांदा चालले असं वाटून मला रडू फुटलं. मी फोन हातात घेतला. तेवढ्यात भोंगा ऐकून समोरच्या घरातून काका जेवणावरून उठून आले, खरकट्या हाताने.

"काहून रडून राहिल्या मॅडम? आधी हात काढा."

"काका, पाचच मिनिटं आहेत."

"घाई कोणाले आहे? तुम्हाले का त्याले?"

मी स्क्रीनकडे पाहिलं. "त्याला."

"मंग बसा. आपल्याले घाई नाही."

हात खरकटा, त्यामुळे ते सांगत गेले आणि मी करत गेले. आधी वायफाय बंद. मग कंट्रोल, ऑल्ट, डिलीट, आणि तिथून ब्राउझरच बंद. भोंगा गप झाला. "पाहा, बुजगावणं होतं," काका म्हणाले. मग प्रोग्रामांची यादी तारखेप्रमाणे लावायला सांगितली. आज आलेले तीन बिनबोलावलेले पाहुणे निघाले. त्यांना काढलं, ब्राउझरला चिकटलेलं एक्स्टेन्शन काढलं, नोटिफिकेशनच्या परवानग्या बंद केल्या. अँटिव्हायरस सगळं तपासत होता तेवढ्यात काका जाऊन उरलेला भात खाऊन आले.

मग वायफाय चालू करून त्यांनी मला पुन्हा त्याच पानावर बसवलं. "बाण नुसता बटनावर न्या. दाबू नका. खाली कोपऱ्यात पत्ता येते, तो वाचा." हिरव्या बटणाचा पत्ता भलतीकडचाच होता. "मोठं बटन त्याचं, बारीक ओळ आपली. आन् खरं म्हणजे ज्याने फॉन्ट बनवला त्याच्या घरूनच आणा. रस्त्यावरून काहून उचलता?"

बनवणाऱ्याच्या साइटवर फॉन्ट एका साध्या ओळीत होता. तो बसवला आणि बाबांची फाइल उघडली. पहिलंच वाक्य होतं, 'हे मी लेकीसाठी लिहितो आहे. ती नेहमी घाईत असते, म्हणून थोडक्यात लिहितो.'

मी ते मोठ्याने वाचलं आणि पुढे मला वाचवेना. काका खिडकीबाहेर पाहत राहिले. "चलो, आता दोन प्रती करा," एवढंच म्हणाले.

या थंडीत काका गेले. तेरावं झाल्यावर मी काकूंकडे गेले. काकू फोनच्या वाटेला कधी जात नसत. पण त्या दिवशी काकांचा फोन समोर टेबलावर होता आणि काकू खुर्चीत बसलेल्या, दोन्ही हात मांडीवर.

"त्यांचे फोटो पाहावे म्हटलं," त्या म्हणाल्या. "तर लाल लाल आलं. व्हायरस आहे, इथे दाबा, नाहीतर सारे फोटो जातील."

"कधी आलं?"

"सकाळी. मी हात नाही लावला. घाई त्याले आहे, मले नाही. तू येशीलच म्हटलं."

दुपारचे तीन वाजले होते.

मी सावकाश सगळं वाचलं. ते पान बंद केलं, कुठल्याशा साइटला मिळालेली नोटिफिकेशनची परवानगी काढून टाकली आणि फोटो उघडले. सगळे जागेवर होते. फोन काकूंच्या पुढे धरला, तरी त्यांचे हात मांडीवरच.

"काकू, आता लावा हात."

त्यांनी एक बोट काकांच्या गालावरून फिरवलं. फोटो सरकला आणि पुढचा आला. तोही त्यांचाच होता.