पासलीच्या मामांची झोप

माझ्या पासलीच्या मामांसारखी झोप अख्ख्या वेल्हे तालुक्यात दुसऱ्या कोणाला लागत नसेल. आपण पाठ टेकून झोपतो. मामांचं पाठ टेकायला काही नसलं तरी अडत नसे. वेल्ह्याला एसटीत बसले की घराचा थांबा मागं टाकून शेवटच्या गावाला जायचे आणि त्याच गाडीनं झोपेतच परत वेल्ह्याला यायचे. कंडक्टर नवा असला तरच त्यांना उठवायच्या भानगडीत पडे. भोरला माझ्या लग्नात तर ते चक्क लाऊडस्पीकरखाली झोपले. मांडववाल्यांनी कापड उतरवलं, खांब काढले, सतरंज्या गुंडाळल्या. मामांच्या अंगाखालची तेवढी सोडून दिली. तोंडावर ऊन आलं तेव्हा मामा उठले आणि आजूबाजूच्या मोकळ्या मैदानाकडे बघत म्हणाले, "झोपलो न्हवतो. डोळं मिटलं व्हतं येवडंच." मामी तोंडाला पदर लावून कितीतरी वेळ हसत होती.

ती मामी एका दुपारी ओसरीवर दळण निवडता निवडता कोसळली. मामा आतल्या खोलीत झोपले होते. तिनं हाका मारल्या. त्या शेजारणीला तिच्या परसात ऐकू गेल्या, ती धावत आली. मामा उठले ते शेजारणीनं गदागदा हलवल्यावर. वेल्ह्याला नेईपर्यंत मामी गेली.

मामांना कोणी बोल लावला नाही. पण त्या दिवसापासून त्यांनी आडवं होणंच सोडलं. भिंतीला टेकून बसायचे, डुलकी आली की डोळ्यांवर पाणी मारायचे. अंगानं वाळले, चालताना तोल जायला लागला, बांधावरून दोनदा पडले. शेवटी मी त्यांना पुण्याला मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "आजोबा, तपासणीच्या आदल्या रात्री जागं राहायचं हं."

"त्येची सवं हाय," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी डोक्याला वायरी चिकटवून त्यांना खाटेवर आडवं केलं. ते "मला काय झोप लागायची न्हाई" म्हणाले, आणि तेवढं बोलणंसुद्धा पुरतं झालं की नाही कोण जाणे. समोरच्या पडद्यावरच्या रेषा आधी बारीक, दाट, घाईघाईनं पळत होत्या. बघता बघता त्या संथ झाल्या, उंच झाल्या.

उठल्यावर बाईंनी त्यांना तो आलेख दाखवला. "ह्या मोठ्या, संथ लाटा गाढ झोपेतल्या. त्या चालू असताना बाहेरच्या आवाजानं सहसा जाग येत नाही. मघाशी आम्ही तुम्हाला हाका मारल्या होत्या."

"मारल्या?"

"चांगल्या मोठ्यानं. हलवलं तेव्हा उठलात."

मामा त्या लाटांवरून बोट फिरवत राहिले. मग, माझ्याकडे न बघता, "म्हंजी म्या ऐकून पडून ऱ्हायलो न्हवतो."

"नाही, आजोबा," बाई म्हणाल्या. मामांनी टोपी काढून तोंड पुसलं. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

आता मामा झोपतात. सुनेला बजावलंय, "हाका मारू नगंस, पोचत न्हाईत. हलवायचं." परवा गेलो तर ओसरीवर गाढ झोपले होते. मी हळूच खांद्याला हात लावला. डोळे न उघडताच ते म्हणाले, "व्हय गं, उठलो."