दुसरी मंजुरी

फुकटात काम करणाऱ्या बाईला लोक दोनच नावं देतात: देवी नाहीतर वेडी. हिला आम्ही तिसरं दिलं होतं, मास्तरीण. पोटासाठी ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. दुकान दहाला उघडायचं. ती आठलाच मागच्या खोलीत, फ्रेमांच्या खोक्यांवर लॅपटॉप टेकवून बसलेली. ज्यांना दिसत नाही त्यांना स्क्रीनवरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारा एक प्रोग्राम आहे. तो कुणाच्या मालकीचा नाही. कुणीही उघडावा, सुधारावा, सुधारणा पाठवावी. अशी सुधारणा करू पाहणाऱ्या नवख्यांना हाताला धरून आत आणायचं, हे तिचं नऊ वर्षांचं बिनपगारी काम.

"आधी स्वतःची प्रत काढ. एकाच गोष्टीला हात लाव, दहा नको. तपासण्या चालव. काय बदललं आणि का, ते चार ओळींत लिही. पाठव, आणि मग गप्प बस."

मलाही तिनं हेच सांगितलं होतं. माझी पहिली सुधारणा तिनं सात वेळा परत पाठवली. मी कॉलेजची पायरी चढलेला नाही, मला अपमान लवकर लागतो. दुकानात जाऊन भांडलो. ती मान वर न करता म्हणाली, "झालं भांडून? आता आठव्यांदा पाठव." आठव्यांदा घेतली गेली.

घेतली म्हणजे, पाठवणारा सोडून दोघांनी तपासून मंजुरी दिली. हा नियम तिचाच. पूर्वी जुनी मंडळी आपलंच घोडं पुढे दामटायची. त्यांच्याशी वर्षभर वाद घालून तिनं तो करून घेतला. साठ दिवसांत दोन मंजुऱ्या नाही मिळाल्या तर यंत्र आपोआप प्रकरण बंद करतं. तोही नियम तिचाच. बंद करताना यंत्र जो गोड निरोप धाडतं, त्यातला शब्द न् शब्दही तिचा. नवख्याचं मन मोडू नये म्हणून.

दीडशेच्या वर माणसं तिच्या हाताखालून गेली. बहुतेकांना सुधारणा करणाऱ्यांच्या यादीत नाव हवं असायचं, नोकरीच्या अर्जाला चिकटवायला. ते चिकटलं की ताई कोण नि तुम्ही कोण! मंजुरीचा अधिकार कागदावर चौतीस जणांना होता. कामाला हजर आम्ही दोघं, ती आणि मी.

तिच्या धाकट्या भावाला जन्मापासून दिसत नाही. तो पाणीपुरवठ्याच्या तक्रार कक्षात फोनवर बसायचा. पाइप फुटला की लोक शिव्या घालायचे, हा हसत हसत त्या भागातल्या फिटरला फोन जोडून द्यायचा. सगळे नंबर तोंडपाठ. मग कचेरीत नवी पद्धत आली. फिटर रोज बदलणार, नंबर स्क्रीनवरच्या तक्त्यात दिसणार. आमचा प्रोग्राम तक्ता वाचायचा, पण शेवटचा रकाना गाळायचा. आणि नंबर नेमका शेवटच्या रकान्यात.

मोर्चे काढणारा माणूस मी, कचेरीत जाऊन त्याच्या साहेबाच्या टेबलावर हात आपटला. "एक रकाना अलीकडे घ्यायला तुमचं काय जातं?"

"एकासाठी सगळ्यांचा तक्ता हलवू? तुमचा तो बोलका प्रोग्राम दुरुस्त करा. नवी आवृत्ती येतेय ना, तोवर थांबतो. नाहीतर टपालात बसवतो त्याला, शिक्के मारायला."

मास्तरणीनं अकरा दिवसांत दुरुस्ती लिहिली आणि रीतसर पाठवली. नव्या आवृत्तीचं दार बंद व्हायला बरोबर दोन महिने होते. त्याच दिवशी मी पहिली मंजुरी दिली. दुसरी हवी होती.

तिनं उरलेल्या सगळ्यांना लिहिलं. मी फोन लावत सुटलो. त्यातल्या एकाला तिनं महिनाभर बोट धरून शिकवलं होतं.

"ताई कशा आहेत? फार मोठं मन बाईचं!"

"मन राहू दे. अर्धा तास काढ, तपास, पटलं तर मंजुरी दे."

"अरे, आता कंपनीत आहे ना मी. बाहेरच्या कामाला परवानगी लागते."

"मग माग."

"बघतो हं."

या 'बघतो'चे मी कचेऱ्या-कचेऱ्यांत हेलपाटे घातलेत. कामापुरता मामा ऐकलं होतं, कामापुरती ताई पहिल्यांदा पाहिली.

शेवटच्या आठवड्यात भाऊ दुकानात आला. "ताई, सगळ्या किल्ल्या तुझ्याकडेच आहेत म्हणे. नियम पाच मिनिटं बाजूला ठेव, दुरुस्ती आत ढकल, नियम परत लाव."

"स्वतःचं स्वतः मंजूर करायचं नाही, असं दीडशे जणांना सांगितलंय मी."

"कुठायत ते दीडशे?"

ती काच घासत राहिली. मला राहवेना. "मास्तरीणबाई, चूल विझली तर तत्त्व कशावर शिजवणार?"

"तू मोर्चे काढतोस ना? साहेबानं एका माणसासाठी नियम वाकवला तर काय करशील?"

"याच्यासाठी वाकवला तर नाचेन."

भाऊ हसला. ती नाही.

साठाव्या दिवशी सकाळी तो तिच्या लॅपटॉपपाशी बसला होता. निरोप आला, आणि आमच्याच प्रोग्रामनं तो सपाट आवाजात वाचून दाखवला. "नमस्कार. तुमचा पहिला प्रयत्न आम्हाला मोलाचा वाटतो. पुरेशा मंजुऱ्या न मिळाल्याने हे प्रकरण बंद करत आहोत. निराश होऊ नका. धीर धरणाऱ्याला इथे नेहमीच जागा आहे."

"छान लिहिलंय," भाऊ म्हणाला. "कुणी लिहिलं?"

"मी."

त्यानं कान पुन्हा स्क्रीनकडे वळवला, जणू आणखी काही यायचं होतं. काही आलं नाही.

आता तो टपालात बसतो. शिक्का पाकिटावर सरळ पडला की नाही, हे शेजारच्याला विचारावं लागतं. पाणी जातं तेव्हा फोन दुसराच कुणी उचलतो.

मास्तरणीनं तीच दुरुस्ती पुढच्या आवृत्तीसाठी पुन्हा पाठवली आहे. आज तेविसावा दिवस. पहिली मंजुरी माझी आहे.