भेंडाचं विमान

पांढुरक्या, मऊसूत लाकडाच्या पातळ पट्टीवर अण्णांनी अंगठ्याचं नख टेकवलं आणि हलकेच दाबलं… नख आत गेलं. पट्टीवर नखाची अर्धगोल खूण उमटली, आणि ती बघताना माझ्या वडिलांचा चेहरा असा झाला, जसा वाजवून घेतलेलं कलिंगड घरी कापल्यावर पांढरं निघालं की होतो. "हे लाकूड हाय व्हय?" ते आईकडं वळून म्हणाले. "तुझ्या भावाला फसवलंय गं कुणीतरी."

आम्ही तेव्हा ढोकीला, साखर कारखान्याच्या वसाहतीत राहत होतो. अण्णा मिलमध्ये फिटर. हंगाम सुरू असला की सगळ्या वसाहतीवर मळीचा आंबूस-गोड वास आणि धुराड्याची बारीक काजळी उतरायची. दोरीवरचे कपडे, माठावरचं झाकण, माझ्या वह्यांचे पुठ्ठे — कशावरूनही बोट फिरवा, काळं. हंगाम संपला की भोंगा गप्प, धुराडं गप्प, आणि त्या चमत्कारिक शांततेत फक्त लोखंडावर लोखंड आपटल्याचे आवाज… दुरुस्तीचे दिवस. अशाच एका उन्हाळ्यात मामा सुटीवर आले होते. मामा वायुदलात विमानांची देखभाल करायचे. आल्या दिवसापासून मी त्यांना एकच प्रश्न विचारून भंडावून सोडलं होतं — एवढं जड विमान वर राहतं कसं? त्यांनी चार वेळा सांगितलं, मला चारही वेळा पटलं नाही. मी अकरा वर्षांची होते आणि हट्टी होते. वय तेवढं बदललंय.

शेवटी वैतागून मामांनी ट्रंकेच्या तळातून एक चपटा खोका काढला. कडा झिजलेल्या, झाकणावर निळ्या आकाशात एक पिवळं विमान, आणि उघडल्याबरोबर डांबरगोळ्यांचा, जुन्या कागदाचा आणि आणखी कसला तरी कोरडा, दुरून आल्यासारखा वास. आत घडी घातलेला नकाशा, बाल्सा नावाच्या लाकडाच्या पट्ट्या, कांद्याच्या सालीइतका पातळ कागद, नाकावर बसवायचा लाल पंखा, तारेचे तुकडे आणि पीळ भरून तो पंखा फिरवायची रबराची एक लांब गुंडाळी. मामांच्या शिकाऊ दिवसांत त्यांच्या एका म्हाताऱ्या मास्तरांनी निवृत्त होताना हा खोका त्यांना दिला होता. पंधरा वर्षं मामांनी तो प्रत्येक बदलीला कपड्यांच्या तळाशी ठेवून नेला. जोडायला निवांतपणा म्हणून मिळाला नाही. "तू जोड," ते मला म्हणाले. "उडलं की कळेल कसं उडतं ते. भाऊबीजेला येतो, तेव्हा दाखव. आणि जपून… फुंकर मारली तरी हलतं हे लाकूड."

ते शेवटचं वाक्य अण्णांनी ऐकलं, आणि तिथंच सगळं बिनसलं.

अण्णांच्या जगात हलकं म्हणजे खोटं. मिलचे रोलर, ऊस ओढून नेणाऱ्या गव्हाणीची साखळी, बोटाएवढाले नट… तिथं जे हलकं ते मोडतं, आणि मोडलं की शेकडो गाड्या ऊस यार्डात वाळत उभा राहतो. आमच्या घरचा पाटसुद्धा उचलायला दोघं लागायची. तेव्हा लेकीला मिळालेल्या विमानाचं लाकूड नखानं दबतंय म्हटल्यावर त्यांना झोप कशी लागणार! पोळ्यानंतर त्यांनी कामाला सुरुवात केली. जुन्या बाजेचं सागवान काढलं, नकाशा भिंतीवर टाचला, आणि रोज संध्याकाळी ड्यूटीवरून येऊन, हातपाय धुऊन, पाठीवरचा टॉवेल तसाच ठेवून ते बसत. पंखाची प्रत्येक फासळी त्यांनी सागवानातून कापली, कानशीनं घासली, डोळ्यांसमोर धरून एक डोळा मिटून बघितली. काय सुंदर काम होतं ते! सागवानाच्या भुशाचा तो तेलकट, तुरट वास अजून कुठं आला की माझे पाय थांबतात. मी एकदाच म्हटलं, "अण्णा, मामा म्हणले होते…" तर म्हणाले, "मामा विमान दुरुस्त करतो, म्या वस्तू बनवतो. तू बघत राहा." सांधे बाभळीच्या डिंकानं जोडले, वर तारेचे वेढे, कागद दुहेरी, आणि सर्वांत शेवटी वर्कशॉपातल्या उरलेल्या लाल प्रायमरचे दोन हात. झालं की मामांना पोस्टकार्ड टाकलं — 'विमान मजबूत तयार आहे. भाऊबीजेला उडवू.'

खंडेनवमीला वर्कशॉपात हत्यारांची पूजा असायची. पान्यांच्या, हातोड्यांच्या रांगेत अण्णांनी ते लाल विमान मांडलं, झेंडूची माळ घातली, हळदीकुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, वसाहतीमागच्या माळावर सगळे जमले. एकमेकांना आपट्याची पानं देऊन झाली, पेढे झाले, आणि अण्णांनी रबराला पीळ भरून विमान सोडलं.

ते धप्पकन त्यांच्या पायाशी पडलं. पुन्हा सोडलं, पुन्हा धप्पकन. गंमत म्हणजे त्याचं काहीही मोडलं नाही, साधा पोपडासुद्धा उडाला नाही. शेजारचे बॉयलरवाले काका हसून म्हणाले, "फिटरसायब, हे विमान हाय का नांगर?" सगळे हसले. वाईट मनानं नव्हे… पण मी अण्णांकडं बघितलं आणि मला त्या सगळ्यांचा असा राग आला की आजही ते काका आठवले की थोडासा येतोच.

"इंजिनच लहान दिलंय," अण्णा घरी येऊन म्हणाले, पण आवाजात दम नव्हता. मी विचारलं, "अण्णा, मामांचं लाकूड कुठंय?" ते उठले. मागच्या अंगणात, सागवानाच्या ढलप्यांजवळ एका पोत्यावर त्यांनी त्या पट्ट्या ठेवल्या होत्या. पोतं होतं, पट्ट्या नव्हत्या.

"ती पांढरी लाकडं व्हय?" आई आतून आनंदानं म्हणाली. "त्यानं बंब पेटवला की म्या! लई छान पेटली बाई, एका काडीत."

आईची काय चूक? तिला कुणी सांगितलंच नव्हतं. अण्णा न्हाणीच्या उंबऱ्यावर बसले, आणि मी तिथं आहे हे विसरून, स्वतःशीच म्हणाले, "पंधरा वर्सं सांभाळलं त्यानं. आता कुठल्या तोंडानं बोलू मेव्हण्याशी?" माझे अण्णा कारखान्यात कुणापुढं मान खाली घालत नसत. ते असे बसलेले मला बघवेनात. मी ठरवलं — भाऊबीजेपर्यंत विमान उडालं पाहिजे. कशाचं का होईना, पण उडालंच पाहिजे.

वीसेक दिवस हातात होते. नकाशा होता, पंखा होता, तार होती, रबर होतं. लाकूड तेवढं नव्हतं. बांबूच्या कामट्या तासून बघितल्या, जड. पुठ्ठा बघितला, वाकतो. चार दिवस असेच गेले, आणि एका दुपारी वाऱ्यानं शेजारच्या भिंतीवरून एक खेळण्यातली बैलगाडी उडून आमच्या अंगणात पडली. ज्वारीच्या धाटाची गाडी — आमच्याकडं सगळी पोरं करतात. वाळल्या धाटाची साल सोलायची, आत पांढरा, कापसाइतका हलका गर असतो, ते भेंड. भेंडाचे तुकडे करायचे आणि सालीच्याच काड्या खिळ्यांसारख्या खुपसून जोडायचे. मीही अशा पन्नास गाड्या केल्या असतील. गाडी उचलली, भेंडावर नख दाबलं… आत गेलं! मी मोठ्यानं ओरडले, आईला वाटलं विंचू चावला.

मग मी मागे हटले नाही. कडब्याच्या गंजीतून सरळ, जाड धाटं निवडून आणली. पहिला पंख कापतानाच चिरला. दुसऱ्यावर गणपतीच्या पताकांचा उरलेला कागद खळीनं चिकटवला, तर भेंडानं खळीतलं पाणी पिऊन टाकलं आणि सकाळपर्यंत पंखाचा पापड झाला. रडले. रडून झाल्यावर तिसरा केला — खळ पातळ, फक्त कडेला, आणि वाळेपर्यंत चारी बाजूंनी आईचे पोळपाट, अडकित्ता, तांब्या असं मिळेल ते वजन. आई स्वयंपाकाला बसली की पोळपाट शोधत यायची आणि मला बघून ताटावरच पोळ्या लाटायची. दिवाळीच्या अनारशांचा, तुपाचा वास घरभर, आणि माझ्या केसांत भेंडाचा भुसा.

अण्णा लांबून बघायचे. हात लावला नाही. एका संध्याकाळी फक्त जाता जाता थांबले, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "डावा पंख दोन सूत वर हाय." मी मोजलं. दोन सूतच होता, पाव इंच. दुसऱ्या दिवशी माझ्या दप्तरावर त्यांचं सगळ्यांत बारीक करवतीचं पातं कागदात गुंडाळून ठेवलेलं होतं.

विमान झालं. हातावर घेतलं तरी काही घेतल्यासारखं वाटेना. नुसतं सोडून बघितलं तर तरंगत जाऊन गवतावर टेकायचं. पण रबर जुनं होतं, बारीक चिरा पडलेलं. पुरता पीळ एकदाच सोसेल, फार तर दोनदा. तो पीळ मी भाऊबीजेसाठी राखून ठेवला.

आणि भाऊबीजेला अण्णांनी मुद्दाम पहिली पाळी मागून घेतली. गाळप सुरू झालं होतं, माणसं कमी आहेत म्हणाले. मला कळत होतं. त्यांना मामांच्या डोळ्यांपुढं उभं राहायचं नव्हतं, आणि दुसऱ्यांदा धप्पकन पडलेलं बघायचंही नव्हतं. मी बजावून म्हटलं, "उडणार हाय, अण्णा. थांबा." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि सायकल काढली.

मामा आले, आईनं ओवाळलं, आणि निरांजन खाली ठेवायच्या आत मी सगळं सांगून टाकलं — सागवान, नांगर, बंब, सगळं. मामा पाटावरून उठले. मला वाटलं, संपलं. मग त्यांनी विचारलं, "आता जे केलंस, ते उडतं का?"

"माहीत न्हाय. चला."

उसाच्या कडेच्या बांधावर आम्ही उभे राहिलो. पीळ भरताना तुटू नये म्हणून रबराला एरंडेल लावलेलं. मामांनी विमान शेपटीपाशी धरलं, मी पंखा बोटानं फिरवत पीळ मोजला, एकशे ऐंशी. पुढं हिंमत झाली नाही. मी ते वाऱ्याच्या तोंडावर धरलं आणि सोडलं… ढकललं नाही, सोडलं. ते आधी किंचित दचकलं, आणि मग वर चढायला लागलं. वर, आणखी वर, डावीकडं रुंद गिरकी घेत. पताकेच्या कागदातून ऊन आरपार येत होतं आणि आतल्या सगळ्या फासळ्या दिसत होत्या. मी मोठमोठ्यानं आकडे म्हणत होते. सतराला ते उसाच्या हिरव्या शेंड्यांवरून पलीकडं उतरलं आणि दिसेनासं झालं. मामा बांधावरच खाली बसले आणि तोंडावर रुमाल धरून कितीतरी वेळ तसेच बसले. दुपारभर शोधलं. डोक्याहून उंच ऊस, पात्यांनी हात चिरले. सापडलं नाही.

चार वाजता आम्ही कारखान्याच्या फाटकाशी गेलो. पाळी सुटली, अण्णा सायकल ढकलत बाहेर आले, आणि मामांना बघून त्यांची नजर खाली गेली.

"दाजी, विमान गेलं," मामा म्हणाले.

"जळालं ते. माझ्यामुळं."

"न्हाय वो. उडून गेलं. उसात."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. माझे चिरलेले हात बघितले. "किती वेळ?"

"सतरा आकडे, अण्णा!"

त्यांनी सायकल स्टँडला लावली, टॉवेलानं तोंड पुसलं आणि आधी मामांना, मग मला असं जवळ घेतलं की ग्रीसचा वास रात्रभर माझ्या नव्या परकराला येत होता.

तो ऊस तुटला तेव्हा अण्णा रोज पाळी सुटल्यावर तोडणीवाल्यांच्या मागं पाचटात हिंडत. काही मिळालं नाही. नंतर मी आणखी तीन विमानं केली, पण तसलं रबर धाराशिवच्या बाजारातसुद्धा मिळालं नाही. ती नुसती तरंगायची. अण्णांनी विमान वर चढताना कधीच पाहिलं नाही.

पण सांगायचे मात्र तेच! निवृत्तीनंतर पारावर, लग्नाच्या मांडवात, दवाखान्याच्या बाकावर अनोळखी माणसालासुद्धा. "असं उठलं… अशी गिरकी घेतली… कागदातनं ऊन दिसत होतं बगा." सतराचे तीस झाले, तिसाचे पन्नास. मी एरवी शब्दाशब्दाला खोडून काढणारी, पण तिथं गप्प बसायचे.

अण्णांना जाऊन आता दोन वर्षं झाली. त्याआधीच्या दिवाळीला ते असंच सांगत होते, आणि माझ्या लेकीनं मध्येच विचारलं, "आजोबा, तेव्हा तुम्ही कुठं उभे होता?"

अण्णा थांबले. हात हवेतच राहिला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि मी तुरीच्या शेंगा सोलता सोलता म्हटलं, "माझ्याजवळच. मी पीळ भरत होते आणि आजोबांनी शेपूट धरलं होतं."

 मग अण्णांनी हात हळूच खाली घेतला, अंगठा आणि बोट जुळवून लेकीला दाखवलं आणि म्हणाले, "पण घट्ट न्हाय बरं का, बाळ. हलकंच धरलं होतं म्या."