उजव्या खांद्यावरचा चाप

अर्ज लिहिणाऱ्याने अर्जात स्वतः दिसू नये, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. तालुक्याच्या कचेरीसमोर टेबल-खुर्ची टाकून मी अकरा वर्षे लोकांचे अर्ज लिहिले: सातबाऱ्यावरील नोंदीची दुरुस्ती, वारसाची नोंद, शेजाऱ्याच्या सांडपाण्याविषयी तक्रार. दहावीची परीक्षा मी गणितामुळे पूर्ण करू शकलो नाही; परंतु माझ्या हातचा अर्ज तहसीलदार दोनदा वाचीत असत, आणि तो मान गणितात पहिल्या आलेल्यांना कधी मिळाला नाही.

पुढे म्युनिकमध्ये लहानाची मोठी झालेल्या, मूळच्या आमच्याच भागातील कुटुंबातील मुलीशी माझा विवाह झाला आणि मी जर्मनीत आलो. दिवसा मी एका गोदामात खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवितो. माझे खरे काम सायंकाळी स्वयंपाकघरातील टेबलावर चालते. ब्योब्लिंगेनपासून येनापर्यंतची आपली इंजिनिअर मंडळी मोटारीचा गिअर डोळे मिटून जोडतात, पण घरमालकाच्या एका पत्राने त्यांची झोप उडते. त्यांच्या वतीने मी हरकती लिहून देतो. हरकतीला जर्मनमध्ये ‘विडरश्प्रुख’ म्हणतात. या देशात मला सर्वांत आधी आवडलेला शब्द हाच. माझे जर्मन मी सरकारी पत्रे वाचून शिकलो आहे. त्यामुळे पाव विकत घेतानाही मी नोटीस बजावल्यासारखा बोलतो, असे माझ्या मुलीचे म्हणणे आहे. मी ते दुर्लक्षितो.

२०१०च्या दशकाच्या मध्यावरचा एक हिवाळा मला विसरता येत नाही. विसरण्याचा प्रयत्न मी प्रामाणिकपणे केलेला आहे.

माझ्या पत्नीने पंधरा वर्षे एका दुरुस्तीच्या शिवणदुकानात परक्या माणसांच्या पँटी आखूड केल्या. त्या हिवाळ्याआधीच्या उन्हाळ्यात तिला पुरातन पुतळ्यांच्या एका संग्रहालयात शिवणकामाच्या मदतनिसाची जागा मिळाली. सहा महिने ‘प्रोबत्साइट’, म्हणजे काम पाहून ठेवायचे की काढायचे हे ठरविण्याची मुदत; ती हिवाळ्यात संपायची होती. ही नोकरी तिला किती हवी होती, हे मी एका गोष्टीवरून ओळखले. पहिल्या दिवशी तिने आपली जुनी कात्री धार लावून आणली आणि रुमालात गुंडाळून नेली, जणू लेकीला सासरी पोचवायला निघाली आहे.

काम असे होते. प्राचीन ग्रीक लोक वस्त्रे कशी नेसत याचे प्रदर्शन भरायचे होते. त्यांच्यात घोडेस्वार, शिपाई, प्रवासी वगैरे मंडळी ‘क्लामिस’ नावाचा आखूड लोकरी झगा पांघरीत. झगा कसला, न शिवलेला आयताकृती तुकडा. अंगाभोवती घ्यायचा आणि खांद्यावर पितळी चाप लावून अडकवायचा. आठ बाहुल्यांना असे आठ झगे चढवायचे होते. घड्या जागच्या हलू नयेत म्हणून त्या आतून टाक्यांनी पक्क्या करायच्या आणि जी कड पुढे उघडी दिसते तिला जांभळी पट्टी लावायची.

तिची वरिष्ठ, जिला सर्वजण फ्राउ डॉक्टर, म्हणजे डॉक्टरबाई, म्हणत, आठवडाभर डोंगरात रजेवर गेली होती. जाताना तिने एक टिपण आणि एका मातीच्या भांड्यावरील चित्राची प्रत ठेवली होती. पत्नी एक तुकडा घरी घेऊन आली आणि खुर्चीच्या पाठीवर टाकून बराच वेळ बघत बसली.

“अहो, एक विचारू? चाप कुठल्या खांद्यावर येईल?”

“चित्रात काय आहे?”

“चित्रातला शिपाई एका बाजूने दिसतोय. खांदा ढालीमागे गेलाय. आणि टिपणात नुसतं ‘खांद्यावर’ लिहिलंय.”

“मग त्यात विचारण्यासारखे काय आहे? डाव्या.”

“कशावरून?”

“उजव्या खांद्यावर वस्त्र कोण घेतो? श्राद्धाला बसलेला माणूस. देवकार्याला सव्य, म्हणजे डावा खांदा. पितरांना अपसव्य, म्हणजे उजवा. तुमच्याकडे प्रदर्शन आहे की तेरावे?”

“अहो, ते ग्रीक होते.”

“असेनात. आईवडील त्यांचेही मरतच असतील.”

ती हसली नाही. “मी फ्राउ डॉक्टरांना फोन करून विचारते.”

“वरिष्ठाला रजेत त्रास देणे हे कामाची माहिती नसल्याचे लक्षण आहे,” मी म्हणालो. त्यात भर म्हणून उजव्या खांद्यावर चाप असल्यास तलवारीच्या हाताला अडथळा होईल, असेही एक कारण दिले. ते मला तेथल्या तेथे सुचले होते. परंतु सुचलेले कारण सांगताना आवाज खाली येऊ द्यायचा नाही, हे मला कचेरीच्या अनुभवाने ठाऊक होते.

आठही झगे डाव्या खांद्यावर अडकले. घड्या पक्क्या झाल्या, पट्ट्या लागल्या. छायाचित्रकार येऊन गेला आणि निमंत्रणपत्रिका छापून आल्या. सोमवारी फ्राउ डॉक्टर परतली, दारातच थांबली आणि म्हणाली, “सगळे उलटे आहेत.”

पत्नीने हे मला कोट न काढता सांगितले. मी विचारले, “लेखी म्हणाल्या?”

“नाही हो. तोंडी.”

“तोंडी आक्षेपाला काडीची किंमत नाही.”

“महिनाअखेरीला माझा निर्णय आहे. मी उसवून परत करते सगळं. तुम्ही यात पडू नका.”

अर्जदार नेहमी असेच म्हणतो. कचेरीसमोर मी शेकडो अर्जदार पाहिले. प्रत्येकजण आधी ‘राहू द्या’ म्हणतो आणि निकाल लागल्यावर पेढे आणतो. दुसऱ्या दिवशी मी चार पानी विडरश्प्रुख लिहिला. वस्त्र डाव्या खांद्यावर घेणे सुसंस्कृत मानवजातीत शुभ मानले जात असून ग्रीकांनी त्यापासून फारकत घेतल्याचा लेखी पुरावा सादर करण्यात यावा, अशी मागणी केली. आमच्याकडे अशा अर्जाची सुरुवात ठरलेली असते: ‘अर्जदार ही गरीब, अबला व निराधार स्त्री असून’. त्यावाचून अर्ज उघडा वाटतो. ती सुरुवात मी शब्दकोश बाजूला घेऊन जर्मनमध्ये घातली, शेवटी ‘अर्जदारातर्फे, पती’ अशी सही केली आणि पत्र संग्रहालयाच्या प्रमुखांना नोंदणीकृत टपालाने पाठविले.

तीन दिवसांनी पत्नी घरी आली तेव्हा तिच्या हातात एक छोटे कार्ड होते. ते तिने माझ्या ताटाशेजारी ठेवले.

“हे काय?”

“संकटात असलेल्या बायकांनी मदतीसाठी फोन करायचा नंबर. फ्राउ डॉक्टरांनी मला बाजूला नेलं आणि दार लावून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, हो, ठीक आहे. त्या म्हणाल्या, तुमच्या नवऱ्याने लिहिलंय की तुम्ही दुर्बळ आहात, तुमच्याकडे काही नाही आणि तुम्हाला कोणी नाही.”

“ती अर्जाची भाषा आहे!”

“मला नवरा आहे, हे नवऱ्यालाच माहीत नाही का, असं विचारलं त्यांनी. काय सांगू मी?”

मुलगी तेव्हा सोळा वर्षांची होती. तिने चारही पानांची प्रत वाचली होती. मराठी तिला सर्व समजते, पण ती उत्तर जर्मनमध्येच देते. “पापा,” ती म्हणाली, “दास इस्त सो पाइनलिश.” लाजिरवाणे, असा त्याचा अर्थ. मी तिला सांगितले की तिच्या शाळेची सहल रद्द झाली तेव्हा माझ्याच पत्रामुळे ती पुन्हा ठरली होती. ती म्हणाली, “अगदी बरोबर. तेव्हापासून शिक्षिका मला कधी काही विचारतच नाही.”

हे वाक्य तिने चक्क मराठीत म्हटले, यावरून प्रकरण गंभीर असल्याचे मी ताडले.

“आणि डावा खांदा?” मी पत्नीला विचारले. “तो मी सांगितला, असे बोललीस?”

“नाही. मीच ठरवलं, असं सांगितलं.” ती कोट काढू लागली. “उद्या शनिवार. पत्र लिहिणाऱ्याला भेटायचं आहे म्हणाल्या. या तुम्ही.”

संग्रहालयाचे दालन थंड आणि पांढरे होते. दोन्ही बाजूंना प्लास्टरचे पुतळे. फ्राउ डॉक्टर पन्नाशीची, आखूड केसांची बाई. तिने माझ्याशी हात मिळविला, मग माझ्या पत्नीच्या चेहऱ्याकडे नीट पाहून घेतले. ते पाहणे मला अजून बोचते.

“आल्झो, तर मग,” ती म्हणाली, “पुरावा तुम्ही मागितला आहे. चला.”

पहिला पुतळा तरुण घोडेस्वाराचा. चाप उजव्या खांद्यावर. दुसरा टोपी घातलेल्या प्रवाशाचा. उजव्या खांद्यावर. एका दगडी फलकाच्या प्रतीत पाच स्वार ओळीने चालले होते. त्यांतल्या ज्यांचे झगे वाऱ्यावर उडत नव्हते त्यांचे चाप उजव्या खांद्यावर. भांड्यांची कपाटे पाहिली, तेथेही तेच. ती नुसते बोट दाखवीत होती. वाद घालणाऱ्या माणसाला मी उत्तर देऊ शकतो. नुसते बोट दाखविणाऱ्याला काय उत्तर द्यावे?

तेवढ्यात जिन्याजवळच्या भिंतीवर मला एक जुने छापील चित्र दिसले. त्यात स्पष्टपणे, कोणालाही नाकारता येणार नाही अशा रीतीने, शिपायाचा चाप डाव्या खांद्यावर होता.

“हे पाहावे!” मी म्हणालो. माझा आवाज दालनात घुमला. “हे आपल्याच भिंतीवर आहे.”

फ्राउ डॉक्टर पहिल्यांदा हसली. “तलवार कोणत्या हातात आहे?”

तलवार डाव्या हातात होती. चित्रकाराने पुतळ्याकडे बघून तांब्याच्या पत्र्यावर जसेच्या तसे कोरले, पत्रा कागदावर दाबला आणि डावे ते उजवे झाले, असे तिने सांगितले. जुन्या चित्रांत असे पुष्कळ आढळते. म्हणून चित्रावर भरवसा ठेवण्याआधी हातातली वस्तू बघायची. माझा विजय जिन्याच्या चार पायऱ्यांइतका टिकला.

“परंतु चापामुळे हाताला अडथळा,” मी शेवटचा मुद्दा काढला.

“तुम्ही नेसून पाहिलंत?”

मी नेसून पाहिले नव्हते. आठ झगे, चार पाने, एक शब्दकोश, आणि खांद्यावर तुकडा टाकून पाहण्याची बुद्धी घरात कोणालाच झाली नव्हती, मला तर नाहीच. पत्नीने कामाच्या खोलीतून एक न शिवलेला तुकडा आणला. स्वेटरवरून तो माझ्या डाव्या खांद्यावर, अंगाच्या डाव्या बाजूने लपेटला, दोन्ही टोके उजव्या खांद्यावर आणली आणि चाप लावला. उजवी बाजू वरपासून खालपर्यंत उघडी राहिली.

“हात वर करा, अहो.”

मी केला. उजवा हात संपूर्ण मोकळा होता. तलवार, भाला, लेखणी, काहीही धरता आले असते. अडकला होता तो डावा.

“आता डाव्या खांद्यावर लावते,” ती म्हणाली. लावल्यावर उजवा हात झग्याखाली गेला. कागदावर सही करायलाही तो बाहेर काढता येईना; काढू गेलो तर पुढचा सगळा पदर वर गोळा होई. तशा अवस्थेत, सुटलेल्या पोटावर लोकरीचा गोळा धरून, मी दोन बायकांसमोर उभा होतो. पत्नी तोंडात टाचण्या धरून घड्या सारख्या करीत होती. महिनाअखेर बुधवारी होती.

मी अर्ज लिहिणारा. अर्जात मी कधी दिसलो नाही. परंतु त्या दिवशी माझ्या नोटिशीच्या जर्मनमध्ये मी म्हणालो, “उपरोक्त चूक अर्जदाराची नाही. डावा खांदा मी सांगितला. ती आपल्याला फोन करणार होती, तो मी करू दिला नाही.”

“का?” फ्राउ डॉक्टरने विचारले.

मी सव्य-अपसव्य समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि वहीत काहीतरी टिपून घेतले, याची मी नोंद घेतली. मग वही मिटून ती माझ्या पत्नीला म्हणाली, “पुढच्या वेळी मला विचारायचं. रजेत असले तरी.” आणि माझ्याकडे वळून, “बुधवारपर्यंत आठ झगे. आणि कृपा करून, पत्र नको.”

रविवारी स्वयंपाकघराच्या टेबलावर, जेथे मी लोकांचे अर्ज लिहितो, तेथे आठ झगे पडले. पत्नी उसवीत होती. मीही उसवीत होतो. माझ्यासारख्याने रविवारी शिवण उसवावी ही काय वेळ, असे मनात येत होते आणि प्रत्येक टाका माझ्याच सांगण्यावरून पडला असल्यामुळे ते बोलताही येत नव्हते.

“दोरा ओढू नका हो, कापा. लोकर फाटेल.”

“इतके बारीक टाके घालायची गरज काय होती?”

“चांगलं काम करायचं होतं मला,” ती म्हणाली. यावर मी टाक्याखाली कात्री घातली आणि दोरा कापला.

मुलगी येऊन एक झगा खांद्यावर टाकून आरशासमोर उभी राहिली, मग खाली बसून तिनेही एक कड उसवायला घेतली.

बुधवारी सायंकाळी मी दारापाशीच उभा होतो. पत्नी जिना चढून आली. चेहऱ्यावरून काही कळेना. पंधरा वर्षे दुकानात गिऱ्हाइकांसमोर उभे राहून तिने तो चेहरा कमावला आहे.

“काय झाले?”

“राहिले मी कामावर,” ती म्हणाली. रुमालात गुंडाळलेली कात्री तिने नेहमीच्या खणात न ठेवता उद्यासाठी पिशवीतच राहू दिली. मग दुसऱ्या पिशवीतून पांढऱ्या लोकरीचा एक मोठा थोरला तुकडा काढून टेबलावर पसरला. “आता पुढच्या दालनाचं काम. याला हिमाटिऑन म्हणतात. मोठी माणसं, पंडित वगैरे घेत. याला चाप नसतो.”

“मग कसे घेतात?”

“डाव्या खांद्यावरून. उजव्या काखेखालून नेऊन परत डाव्यावर.”

म्हणजे उपरण्यासारखे. म्हणजे सव्य. मी तोंड उघडले.

तिने माझ्याकडे पाहिले.

“या वेळी खांदा लेखी आहे ना?” मी विचारले.

“लेखी आहे,” ती म्हणाली, आणि टेबलावरची माझी लेखणी उचलून तिने ती पांढऱ्या लोकरीपासून दूर, खिडकीत ठेवली.