शहाडच्या शेतातून काढलेला आभाळाचा फोटो

सगळ्यांत आधी आली ती शेजारची गोदूबाई. हातात विरजणासाठी वाटी होती, पण ती निमित्ताची. तिच्या मागोमाग तळ्याकडच्या दोघी आल्या आणि वाटीसुद्धा न आणता सरळ ओटीवर बसल्या. कल्याणचा आमचा जावई अंधारात शेतात बसून आभाळाचा फोटो काढणार आणि त्याच्याबरोबर मीही जाणार, हे त्यांच्या कानी गेले होते.

"ऐन अवसेला?" गोदूबाई म्हणाली. "अवसेला माणसं उंबरा ओलांडत नाहीत, आणि तू आगगाडीत बसणार?"

"चंद्र असला की ते दिसत नाही म्हणे," मी म्हटले.

"ते म्हणजे काय?"

ते म्हणजे काय हे मलाही नीट ठाऊक नव्हते, म्हणून मी तिची वाटी भरून दिली.

खरी गोष्ट अशी. आमचे जावई विनायकराव कल्याणच्या शाळेत चित्रकला शिकवतात आणि फावल्या वेळात माणसांचे फोटो काढतात. रेल्वेतल्या एका साहेबाशी त्यांची ओळख झाली. साहेबाकडे आभाळ पाहायची मोठी दुर्बीण आहे, ती त्याने वर्षभर यांना वापरू दिली. आता साहेब कायमचा विलायतेला निघाला. तो म्हणाला, "उत्तराभाद्रपदा नक्षत्राजवळ जो अंधूक ढग आहे, त्याचा फोटो काढून दाखवा. दाखवलात तर दुर्बीण तुमची, नाहीतर मी ती बोटीवर घालून परत नेईन." आठवड्याने त्याची बोट. विनायकरावांपाशी फोटो उमटवायच्या, औषध लावलेल्या विलायती काचा उरल्या होत्या फक्त दोन. नव्या मागवाव्या तर त्या येईपर्यंत साहेब पोचलासुद्धा असता.

आणि मी कशाला? तर माझी लेक सरू नवऱ्याला मदत करणार, म्हणून तिची सात महिन्यांची ठकी कोणीतरी धरायला हवी होती. यजमानांनी पंचांगातून डोके वर न काढता "जा" म्हटले. नातीसाठी मी अवसेला काय, ग्रहणातही निघाले असते.

चतुर्दशीला दुपारच्या गाडीने निघाले. ठाण्याहून कल्याणला तिसऱ्या वर्गाचे अडीच आणे पडतात. बायकांच्या डब्यात डाव्या बाजूला बसावे, म्हणजे पारसिकच्या बोगद्यानंतर खाडी दिसते आणि उन्हाचा त्रास कमी होतो. बोगद्यात शिरायच्या आधी खिडकी लावून घ्या, नाहीतर डोळ्यांत कोळशाची कुसळे जातात. माझ्या गेली. समोरच्या बाईने पदराच्या टोकाने काढून दिली आणि तेवढ्यात तिच्या तिन्ही सुनांच्या कागाळ्या सांगून झाल्या. डोंबिवलीला गाडी थांबली तर तिथे शेते, बगळे आणि एक कंदीलवाला, बाकी काही नाही.

कल्याणला जावईबापू बैलगाडी घेऊन उभे होते. गाडीत गवताच्या गादीवर ती दुर्बीण, पितळेची, माणसाएवढी लांब. तिला त्यांनी घोंगडी पांघरली होती. सरू कडेला अंग चोरून बसली होती.

"बायकोला बसायला जागा नाही आणि नळीला घोंगडी," मी म्हटले.

"आई, सरूला खोक पडली तर भरून येते," विनायकराव म्हणाले.

"ऐकलंस?" सरू म्हणाली आणि ठकीला माझ्या मांडीवर टाकून हसायला लागली. ठकीने लगेच माझी नथ ओढली. सुख म्हणतात ते हेच, मग नाक तुटले तरी चालेल.

कल्याणच्या पेठेतून गाडी बाहेर पडायला फार वेळ लागतो, भाताच्या गाड्यांची रांग असते. वाटेत फुटाणे घ्यावेत. शहाडला उल्हास नदीच्या काठी पदू नावाच्या आगरी शेतकऱ्याचे भात कापून झालेले शेत आहे. विनायकरावांनी एकदा त्याच्या म्हाताऱ्या बापाचा फोटो काढून दिला होता, त्या ओळखीवर आम्ही तिथे उतरलो. पदूची बायको हिराबाय अंगणात कमरेवर हात ठेवून उभी होती.

"यो काय, तोफ हाय का?" तिने विचारले. "कोनाला मारतंव?"

"आभाळाला," सरू म्हणाली.

"मारा, मारा. अवंदा पावसानं लय तरास दिलान."

तिने घरच्यांसारखे स्वागत केले. मी दशम्या आणि लिंबाचे लोणचे नेले होते. तिने अंगणात तीन दगड मांडून दिले, ताजे वाल आणि वांगी दिली. मी आपले वेगळे रांधले. "बोंबील देव का वाईच?" असे ती मला दर थोड्या वेळाने विचारत होती आणि माझे तोंड पाहून पदर तोंडाशी नेत होती. दुसऱ्या दिवसापर्यंत मीही हसायला लागले.

आता काम कसे चालते ते सांगते. दुर्बिणीच्या पाठीवर विनायकरावांनी आपली फोटोची पेटी दोरीने घट्ट बांधली होती. फोटो पेटी काढते, दुर्बीण फक्त नेम धरते. तारे सरकत असतात, म्हणून नळीखालच्या तिपायी यंत्राला एक पेच आहे, तो सावकाश फिरवला की नळी ताऱ्याच्या मागे जाते. विनायकराव नळीला डोळा लावून एका ताऱ्यावर नजर ठेवणार आणि सांगतील तसा सरू पेच फिरवणार. असे पुरा एक तास. घड्याळ बघायला दिवा लावता येत नाही, काचेला उजेड बाधतो. म्हणून वेळ मोजायचे काम माझ्याकडे. घरी यजमानांच्या घड्याळासमोर बसून मी पाहून ठेवले होते, माझी रामनामाची एक माळ तीन मिनिटांत होते. वीस माळा झाल्या की तास झाला.

दिवेलागणीनंतर पुरता काळोख पडला तेव्हा त्यांनी मला आधी नळीतून तो ढग दाखवला. खरे सांगू? आरशावर कोणी श्वास सोडावा तेवढेच दिसले. पुसून टाकावेसे वाटले. "हा ढग आहे की ताऱ्यांचा थवा, यावर विलायतेतले विद्वानसुद्धा भांडतात," विनायकराव म्हणाले. "किती लांब आहे तेही कोणाला ठाऊक नाही." मग पेटीचे झाकण काढले आणि मी माळ धरली.

"किंचित," विनायकराव म्हणायचे. "अजून किंचित. पुरे. पुरे म्हटलं ना!"

अंधारातून हिराबाय म्हणाली, "आमचे घरात वाढताना असाच बोलतान."

मध्येच नाशिककडची आगगाडी नदीच्या पुलावरून गेली. जमीन थरथरली. विनायकरावांनी चटकन पेटीच्या तोंडावर आपली टोपी धरली आणि गाडी जाईपर्यंत धरून ठेवली. मीही तेवढा वेळ माळ थांबवली. वीस माळा झाल्या. ठकी माझ्या मांडीवर गाढ झोपली होती, माझा पाय मेला होता.

काच धुतली ती पदूच्या गोठ्यात. कंदिलाला माझा एक तांबडा खण गुंडाळला होता, तांबडा उजेड चालतो. औषधात काच हलवत हलवत विनायकरावांनी ती कंदिलाशी धरली. सगळे तारे ओढलेल्या रेघांसारखे आले होते. यंत्राचा एक पाय ओल्या जमिनीत रुतला होता आणि अंधारात कळले नव्हते. एक काच गेली.

 रात्री सरू मला हळूच म्हणाली, "आई, दुर्बीण गेली तर हे चित्रं शिकवतील, जेवतील, झोपतील. बोलतील असं वाटत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी पदूने कुठूनतरी तीन चपटे धोंडे आणून यंत्राच्या पायांखाली बसवले. पुरुष धोंड्यांवर नाचून पाहात होते. मी मात्र वेगळाच विचार करत होते. एवढे मोठे यंत्र, आणि त्याची पूजा नाही! आपण नवी सुपली आणली तरी हळदकुंकू लावतो, मग वापरतो. दुपारी सगळे आडवे झाले तेव्हा मी पाण्यात हळदकुंकू कालवले. नळीला लावले, पायांना लावले. मग पेटी. पेटीच्या तोंडावर पितळेचे झाकण होते. मनात आले, झाकणाला कुंकू लावून काय उपयोग, देवाचा मुखवटा उघडूनच लावतो ना आपण? झाकण काढले. आत वाटोळी काच, डोळ्यासारखी. तिच्या बरोबर मध्यावर मी अनामिकेने कुंकू लावले, खालून वर ओढून. झाकण परत बसवले, नमस्कार केला, आणि सरूच्या संसारासाठी जे मागायचे ते मागितले.

संध्याकाळी अजून थोडा उजेड असताना विनायकरावांनी पेटीची काच पुसायला झाकण काढले आणि तसेच उभे राहिले.

"हे कोणी केलं?"

मी सांगितले. असे गुन्हे लपवून लपत नाहीत. सरूने कपाळाला हात लावला. "आई, अगं ती काच म्हणजेच सगळं!"

"पुसून टाकते मी," मी पदर पुढे केला.

"नको!" विनायकराव पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले असतील. मग लगेच खाली बसले. "आई, हे वाळलंय. घासलं तर रवे काचेला ओरखडतील. ओलं केलं तर सगळीकडे फासलं जाईल. पुसायचं पातळ औषध कल्याणला राहिलंय."

"मग?"

ते त्या कुंकवावर वाकले. आपले बोट त्यांनी स्वतःच्या डोळ्यापुढे अगदी जवळ धरले आणि पलीकडे पदूच्या घराकडे पाहिले. बोट हलवून पाहिले. "बोट इतकं जवळ असलं की नीट दिसत नाही, पण घर दिसतंय," ते म्हणाले. "पेटीच्या काचेचंही तसंच असेल, तर फोटोत डाग उमटणार नाही. उजेड थोडा कमी पडेल, एवढंच. असं मला वाटतं. कधी करून पाहिलेलं नाही."

"आणि उमटला तर?" सरूने विचारले.

"तर शेवटची काचही गेली."

दुसरा इलाज नव्हता. उजेड कमी पडणार म्हणून वीसऐवजी पंचवीस माळा ठरल्या. त्या पंचवीस माळांत मी एकदाही इकडे तिकडे पाहिले नाही. ठकी रडली तर हिराबायने तिला न विचारता उचलून घेतले, आणि माझे सोवळे त्या दिवशी कुठे गेले ते मी शोधलेही नाही. धोंड्यांवरचे यंत्र तसूभर हलले नाही. विनायकराव फक्त "किंचित" म्हणत होते. "पुरे" म्हणायची वेळच आली नाही, सरूचा हात बसला होता.

गोठ्यात पुन्हा तो तांबडा कंदील. विनायकराव थाळी हलवत होते, आम्ही तिघी दाराशी उभ्या. पांढऱ्या काचेवर काळे ठिपके उमटू लागले. गोल, मोहरीसारखे स्वच्छ. ते तारे. आणि मग मध्याशी, करंगळीच्या नखाएवढा, खालून वर ओढलेला एक तिरका काळपट डाग.

 तोच आकार. माझेच बोट. मी म्हटले, "उमटलं गं बाई कुंकू," आणि मला रडू आवरेना. सरूने माझा दंड धरला, पण तीही रडत होती.

विनायकराव काच कंदिलाशी नेऊन पाहात होते. एकदम म्हणाले, "आई, कुंकू उजेड अडवतं की पाडतं?"

"मला काय विचारता?"

"अडवतं. काचेवर उजेड पडतो तिथे काळं होतं. तारे बघा, काळे आहेत. कुंकवानं उजेड अडवला असता तर ती जागा कोरी राहिली असती. हा डाग काळा आहे. म्हणजे इथे उजेड पडलाय." त्यांनी काच माझ्यापुढे धरली. "हा तोच आहे. तो ढगच आहे हा. जागाही तीच, कलही तोच."

आणि हातातली ओली काच सांभाळत ते गुरांच्या गव्हाणीवर मटकन बसले. पदूची म्हैस मागून त्यांचा सदरा चाटत होती, त्यांना पत्ता नव्हता.

हिराबायने वाकून काच पाहिली. "यवढ्यासाठी दोन दिस?" ती म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "पन गोल मोतीवानी आलेत हां चांदन्या."

ज्यांना असे जायचे असेल त्यांच्यासाठी दोन गोष्टी. शेतात रात्री दव फार पडते, दोन घोंगड्या न्या. कल्याणहून शहाडला जाऊन-येऊन बैलगाडीचे बारा आणे होतात, चाऱ्याचे वेगळे. आणि यंत्राला पूजा करायचीच असेल तर लाकडाला करा.

घरी आल्यावर गोदूबाईने विचारले, "काय पाहिलंस एवढं?" मी म्हटले, एक डाग.  पण मला अजून राहून राहून वाटते ते हे, की नळीला डोळा लावून मला जे धड दिसले नाही, ते त्या काचेने तासाहून जास्त वेळ एकटक पाहून टिपले. आपण कोणाकडे एवढा वेळ बघतो? मी ठकीकडे बघते, तेवढेच.

काल गुरुवारी विनायकराव, सरू आणि ठकी आली. दारातूनच सरूचा चेहरा पाहून मी ओळखले. साहेबाने भिंगातून फोटो पाहिला, आपल्या आभाळाच्या नकाशाशी ताडून पाहिला. फोटोच्या पेटीवरचे तांबडे काय म्हणून विचारले. विनायकरावांनी खरे ते सांगितले. साहेबाने फोटोची एक प्रत मागून घेतली आणि दुर्बिणीच्या खोक्याच्या कुलपाची आपल्याकडची किल्ली टेबलावर ठेवली.

जेवून ती दुपारच्या गाडीने परत गेली. जाताना सांगून गेली आहेत, पौष शुद्ध अष्टमीला दुर्बीण घेऊन ठाण्याला येणार, आमच्या अंगणातून चंद्र दाखवायला. अष्टमी सोमवारी आहे.