झाकणाखालचा धूर

नाताळच्या दिवशी आमच्या अंगणातल्या पत्र्याच्या पिंपातून धुराची बारीक रेघ वर जात होती. आत टर्की कोंबडी धुरावर भाजत होती. गेल्या वर्षी ती वाळून लाकूड झाली, तेव्हा थोरला पीटर म्हणाला होता, "आई, पुन्हा बिघडली तर नाताळचं जेवण हॉटेलातून मागवायचं." म्हणून यंदा मी पिंपाशी खुर्ची टाकूनच बसले. आमच्या वसईत शुभेच्छा द्यायला येणारा प्रत्येक जण आधी झाकण उचलतो. ऊब जाते, मांस कच्चं राहतं आणि मग जास्त वेळ ठेवावं तर वाळतं.

"काकी, जरा बघू दे ना!"

"तोंड बघायचंय तिचं? केक खा आणि जा."

आंब्याच्या लाकडाचा धूर हळूहळूच मुरतो. माणसंही तशीच. माझ्या सुना या घरात मुरल्या, कारण मी रोज झाकण उघडून बघितलं नाही.

जेवताना पीटरने सुरी लावली आणि रस ताटात उतरला. मांस तांबूस, मऊ. एरवी अखंड बोलणारी माझी जाऊ दोन्ही हातांनी तंगडी खाऊ लागली. हॉटेलचं नाव कोणी काढलं नाही. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि सगळ्यांच्या देखत हाड चोखलं.